मशीन तुमची वाट बघेल

शहर बससेवेच्या मोठ्या डेपोत, तिकीटघराच्या मागच्या लांबट खोलीत ‘हरवलं-सापडलं’ची खिडकी होती आणि त्या खिडकीत सापडेलबाई बसत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. खिडकीशी कुणीही येवो, छत्री हरवलेला असो नाही तर चष्मा, बाईंचा पहिला शब्द ठरलेला: “सापडेल.” मग “बसा” आणि मग “सांगा”. कुणीतरी एकदा गमतीनं सापडेलबाई म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की ह्याच डेपोत बस चालवणारे त्यांचे यजमान, ज्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत, तेसुद्धा घरात चिडले की “काय हो सापडेलबाई” म्हणू लागले.

ती खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरणं शक्य नाही. भिंतीभर लोखंडी फळ्या आणि फळ्यांवर शहराचा सगळा विसराळूपणा मांडलेला. छत्र्यांची तर रासच. एकेकटे बूट, डबे, किल्ल्यांचे जुडगे, शाळकरी पोरांची दप्तरं. दोन-तीन कवळ्याही होत्या. माणूस दात गाडीत विसरून घरी जातो आणि जेवायला बसेपर्यंत त्याला कळत नाही, हे कोडं बाईंना शेवटपर्यंत सुटलं नाही. एकदा तर कुणी शिडी विसरून गेलं होतं. ती शिडी न्यायला कुणी आलंच नाही, तेव्हा वरच्या फळीवरचं सामान काढायला बाईंनी तीच वापरायला घेतली.

बाईंची कामाची तऱ्हा निराळी होती. दुसऱ्या पाळीतली मुलगी विचारायची, वस्तू काय, रंग कोणता, कितीची गाडी. चुटकीसरशी नोंद, पुढचा माणूस. बाई नोंद उघडायच्या, नाव लिहायच्या आणि कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवायच्या. “कुठून येत होतात? बरोबर कोण होतं?” माणूस बोलू लागायचा. बाईंचं म्हणणं असं, की वस्तू कशी होती ते लोकांना धड आठवत नाही, दिवस कसा होता ते आठवतं. दिवस सांगू द्यावा, वस्तू मागोमाग येते. काळी पिशवी हरवली म्हणत आलेला माणूस बोलता बोलता बहिणीच्या घरापर्यंत पोचायचा आणि मग कपाळावर हात मारून म्हणायचा, “अहो, काळी मी तिच्याकडेच ठेवली, गाडीत होती ती तपकिरी!” आणि सगळ्यात पक्की खूण माणूस उठताना सांगतो, हा त्यांचा ठाम सिद्धान्त. म्हणून माणूस उभा राहिल्याशिवाय त्या नोंद जतन करत नसत. रांग खोळंबायची, साहेब कुरकुरायचे. पण बाईंच्या पाळीत जेवढ्या वस्तू मालकाकडे परत जायच्या तेवढ्या दुसऱ्या कुणाच्या पाळीत जात नसत. त्यामुळे साहेबांची कुरकुर तोंडातल्या तोंडातच राही.

आता तारवाल्याबद्दल. डेपोत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा हा तारा ओढायला म्हणून कंत्राटावर आला. दिसायला काडी, खिशात कायम पक्कड. तारा ओढून झाल्या, कंत्राट संपलं, पण ह्याला घरी जा असं म्हणायचं सगळेच विसरले. तो शिकत गेला. पुढे पहिल्या मजल्यावरच्या थंड खोलीतला सर्व्हर त्याच्या ताब्यात आला. गाड्यांच्या वेळा, पाळ्या, हरवलेल्या छत्र्या, सगळ्यांच्या नोंदी ज्यात साठवल्या जातात ते यंत्र. आज तो तिथला मुख्य माणूस आहे, डोक्यावरचे केस मागे सरकलेत, तरी बाईंच्या लेखी तो तारवालाच.

त्या दोघांची गट्टी जमली ती भांडणातून. कॉम्प्युटर येऊन थोडेच दिवस झाले होते. बाईंनी मॉनिटरला घरी शिवलेलं फुलाफुलाचं झाकण घातलं होतं, म्हणजे त्यांच्या बाजूनं आदरसत्कारात काही कसूर नव्हती. पण एका सकाळी त्या तरातरा जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “तुझं मशीन उर्मट आहे. माणूस बोलत असताना मधेच उठून जातं.”

झालं होतं असं, की काही मिनिटं कुणी काही टाइप केलं नाही तर उघडी नोंद टाकून द्यायची, अशी यंत्राची मूळची शिस्त होती. एकानं उगाच अडवून ठेवू नये, बाकीच्यांची सोय व्हावी, असा त्यामागचा हेतू. यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात सापडेलबाई असण्याचं काही कारण नव्हतं. आज हे घडलं असतं तर तारवाल्यानं सांगितलं असतं, तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या, आठवड्यानं कळवू. पण तो काळ बरा होता. एखाद्याची अडचण म्हणजे एक जिना, वर किंवा खाली. तो बाईंच्या मागोमाग खाली आला, कोपऱ्यातल्या पेटीवर बसला आणि अख्खी सकाळ नुसतं बघत राहिला. मग वर गेला आणि सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्यानं एक ओळ घातली: उघडी नोंद कितीही वेळ उघडी राहो, टाकून द्यायची नाही. खाली येऊन म्हणाला, “ताई, आता मशीन तुमची वाट बघेल.”

बाईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्या पुढं केला. तेव्हापासून सकाळचा चहा तो तिथंच प्यायचा. त्याचं लग्न ठरलं ते पहिल्यांदा त्या खोलीत कळलं, त्याची आई गेली तेव्हा तो रडला तोही छत्र्यांच्या फळीकडे तोंड करून. बाईंच्या मुलीला गणित येत नव्हतं, ते ह्यानं डब्यांच्या फळीखाली बसून शिकवलं. तीच मुलगी पुढे नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेली. अशी वर्षं भरभर कशी गेली ते कळत नाही, फक्त झाकणाची फुलं धुऊन धुऊन फिकी पडली.

मग अपग्रेड आलं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर फार जुनं झालं होतं, आता नवीन घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तारवाल्यानं सुट्टीचा दिवस पाहून, आधी सगळ्याच्या प्रती काढून, अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपून ते काम केलं. नवं सॉफ्टवेअर आलं ते आपली नवी सेटिंगची फाईल घेऊनच आलं, तेव्हा जुन्यातलं कामाचं तेवढं हातानं निवडून नव्यात न्यायचं होतं. निवडता निवडता तो एका ओळीशी थांबला. ही कशासाठी? शेजारी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात म्हटलं होतं, हे सेटिंग आहे तसंच ठेवलेलं बरं. त्यानं मान खाजवली, आठवायचा प्रयत्न केला, काही आठवेना. “कोणत्या जन्मीची अडगळ कोण जाणे,” असं म्हणून त्यानं ती ओळ मागेच सोडली.

दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चाललं, उलट पूर्वीपेक्षा भरभर. साहेबांनी पाठ थोपटली. हा खूश.

आणि मग दीड-दोन महिन्यांनी खिडकीवर बासरीवाले गुरुजी आले. मुलांच्या शिकवण्या घेणारे, सडपातळ, हळू बोलणारे. काही आठवड्यांपूर्वी त्यांनी बासरी हरवल्याची नोंद केली होती, तिचं काय झालं ते विचारायला आले होते. बाईंनी शोधलं. नोंद नाही. दुसऱ्यांदा शोधलं. नाही. “अहो, मी स्वतः लिहिली,” बाई म्हणाल्या, “तुम्ही इथंच बसला होतात, तिच्या टोकाला निळा दोरा गुंडाळलेला होता, हे तुम्ही उठताना सांगितलंत.” गुरुजी म्हणाले, “हो, सांगितलं.” निळ्या दोऱ्याची बासरी खोलीत आली होती, पण तिच्या नावानं नोंद नसल्यामुळे बिनमालकीची ठरून, मुदत संपलेल्या सामानाबरोबर बाहेर गेली होती. गुरुजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते “असू दे” म्हणाले आणि निघून गेले.

मग असं होतच राहिलं. आठवड्यातून एखादं, कधी दोन. एका नर्सचे बूट, एका म्हाताऱ्या बाईंची औषधांची पिशवी. नोंद केल्याचं बाईंना लख्ख आठवायचं आणि यंत्रात काही नसायचं. गंमत म्हणजे दुसऱ्या पाळीतल्या मुलीच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी. डेपोत कुजबुज सुरू झाली. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय. निवृत्तीला आता थोडेच महिने राहिलेत, तोवर सांभाळून घ्या, असं साहेबांनी त्या मुलीला सांगितलं आणि ते बाईंच्या कानावर गेलं.

बाईंनी तारवाल्याला बोलावलं. तो लगेच आला, खुर्चीत बसला, एक नोंद भरली, जतन केली, शोधली. सापडली. पुन्हा केली. पुन्हा सापडली. “ताई, मशीन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. खोटं बोलला नव्हता. पण त्यानं एवढं म्हटलं आणि निवाडाच झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ती अशी, आणि सुळी देणारा मनानं चांगला असला म्हणून संन्याशाला काही कमी टोचत नाही.

त्याच्या मनात आलं ते वेगळंच. आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याला वाटलं, बाईंच्या आईसारखं तर नसेल?

बाईंच्या आईची गोष्ट त्याला ठाऊक होती. त्या आधी शेगडी बंद करायला विसरू लागल्या, मग घरचा रस्ता, मग माणसं. शेवटी शेवटी बाई त्यांचे केस विंचरत असताना त्या प्रेमानं म्हणाल्या होत्या, “फार गुणाची पोर आहेस गं. कुणाची तू?” हे बाईंनी त्याला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ किल्ल्यांचे जुडगे उगाच इकडचे तिकडे ठेवले होते.

पुढचं त्याला ड्रायव्हरसाहेबांकडून कळलं. ते आता निवृत्त झाले होते, पण बाईंना न्यायला रोज डेपोच्या फाटकाशी येत. “तू घरचा म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “पोरीला बाळ झालंय ना. हिची नोकरी संपली की आम्ही दोघं तिकडंच जाऊन राहणार होतो. पोरगी कामावर जाणार आणि ही बाळाला बघणार. तिनं एक खोली रंगवूनसुद्धा ठेवलीय. आणि परवा हिनं फोन करून सांगितलं, की माझ्या भरवशावर लेकरू सोडू नकोस, दुसरी कुणी बाई बघ. मी विचारलं, का गं? तर म्हणते, मला बासरी सांभाळता आली नाही.” ड्रायव्हरसाहेबांनी डोळे पुसायच्या ऐवजी चष्मा पुसला. “गॅस बंद केला का ते मला तीनतीनदा बघायला लावते. मी म्हणतो, अगं बंद आहे. तर म्हणते, तुम्ही माझं ऐकू नका, जाऊन बघा.”

दुसऱ्या दिवशी तारवाला चहाच्या वेळेला खाली गेला. बाई शिडीवर चढून वरची फळी आवरत होत्या, पाहुण्यानं जायच्या आधी अंथरूण घडी करून ठेवावं तशा.

“बस,” त्या म्हणाल्या. “तुझी पेटी रिकामीच आहे.”

“माझी कुठली?”

“ती काय कोपऱ्यात. पहिल्यांदा आलास तेव्हा त्याच पेटीवर बसला होतास. एका पायात काळा मोजा, दुसऱ्या पायात निळा. ते कानाचं यंत्र हरवलेले आजोबा आले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून मी ओरडत होते, आणि तू हसू दाबत होतास. आठवतं?”

तारवाल्याला काहीच आठवत नव्हतं. पण तो म्हणाला, “हो.”

“नाही आठवत तुला. तोंडावर दिसतंय.” बाई हसल्या आणि शिडीवरून उतरल्या. “मग वर गेलास, थोड्या वेळानं आलास आणि ऐटीत म्हणालास, ‘ताई, आता मशीन तुमची वाट बघेल.’ बघ, हे मला काल घडल्यासारखं आठवतं. आईचंही असंच होतं रे. जुनं सगळं यायचं, कालचं नाही.”

तारवाला चहाचं झाकण तोंडाशी नेता नेता थांबला. वाट बघेल. त्याच्या डोळ्यांसमोर ती ओळ आली, शेजारी काही न लिहिलेली, अडगळ म्हणून मागे सोडलेली. आणि त्याला हेही दिसलं, की आपण इथं बसून दोनदा तपासलं ते आपल्यासारखं तपासलं, धडाधड भरून. बाईंसारखं हात मांडीवर ठेवून तपासलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“ताई,” तो म्हणाला, “माझी एक नोंद घ्या.”

“तुझं काय हरवलं आता?”

“मफलर.”

थट्टा करतोय का ते बाईंनी क्षणभर निरखून पाहिलं. मग सवयीनं म्हणाल्या, “सापडेल,” आणि खुर्ची ओढून नोंद उघडली. “कुठून येत होतास?”

त्यानं नुसती वेळ काढण्यासाठी मफलर म्हटलं होतं. पण बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि त्याला खरोखरच आठवू लागलं. कंत्राटाचं पहिलं वर्ष. थंडी. आईनं विणलेला मफलर, मधेच लोकर संपली म्हणून अर्धा हिरवा आणि अर्धा मातकट. तो घालायची लाज वाटायची म्हणून घरून घालून निघायचा आणि गाडीत बसल्यावर काढून ठेवायचा. एक दिवस तसाच राहिला. त्यानं तेव्हा नोंदसुद्धा केली नव्हती. आईला सांगितलं, मित्राला दिला. आई म्हणाली, “बरं केलंस, त्याला थंडी वाजत असेल.”

बाई मधूनमधून दोन शब्द लिहीत होत्या आणि परत हात मांडीवर. चहा संपला. खिडकीशी कुणी आलं नाही. बराच वेळ गेल्यावर तारवाला उठला आणि उठताना म्हणाला, “एका टोकाला गाठ होती. मी दातांनी चावायचो, म्हणून आईनं तिथं घट्ट गाठ मारली होती.”

“ही खरी खूण,” म्हणत बाईंनी ती लिहिली आणि जतनचं बटण दाबलं. पडदा नेहमीसारखा कोरा झाला.

“आता शोधा.”

बाईंनी शोधलं. काही नव्हतं. त्यांनी पुन्हा शोधलं. “बघितलंस?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “तुझ्यासमोर.”

“हो, माझ्यासमोर. तुम्ही लिहिलंत, मी बघत होतो. बटण दाबलंत, तेही बघितलं. ताई, तुम्ही काही विसरला नाहीत. मशीननं वाट बघितली नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. अपग्रेडच्या वेळी त्यानं ती वाट बघायची ओळ मागे सोडली आणि यंत्राची जुनी शिस्त परत आली होती. बाई ऐकत बसल्या, की काही मिनिटांनी सर्व्हर त्यांची उघडी नोंद टाकून द्यायचा. आणि पूर्वी निदान पडद्यावर कळायचं, पण खिडकीवरचा हा मधल्या काळात आलेला प्रोग्रॅम इतका भित्रा, की संबंध तुटला हे सांगायच्या ऐवजी गुपचूप नवा जोडायचा. बटण दाबलं की पडदा कोरा, जणू सगळं जागेवर पोचलं. भरभर लिहिणाऱ्याचं काही जात नव्हतं. जो ऐकून घेतो त्याचंच जात होतं.

“माझी समजूत घालतोयस,” बाई म्हणाल्या.

“समजूत घालायची असती तर पहिल्या दिवशीच घातली असती. तेव्हा तर मी तुमच्यावरच ढकललं.”

“आणि ती ओळ? ती मागे का सोडलीस तू?”

तारवाल्यानं मान खाली घातली. “कशासाठी होती ते विसरलो.”

“विसरलास.” बाईंनी जवळची एक बेवारशी छत्री उचलली. आता ती पाठीत बसते की काय असं त्याला वाटलं, आणि बसली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी ती नुसती टेबलावर आपटली. “तू विसरलास. मग तुला कुणी म्हणालं का रे, की ह्याचं डोकं गेलं? ह्याच्या हातात लेकरू देऊ नका म्हणून? तुझी बायको आली का तुझ्या मागे गॅस बघायला?”

तारवाल्यानं टेबलावरची छत्री उचलून फळीवर ठेवली.

“बासरीवाल्या गुरुजींकडे तू जायचंस,” बाई म्हणाल्या. “मी नाही. जाऊन सांगायचं, माझ्यामुळं गेली म्हणून. आणि त्यांचं सगळं ऐकून घ्यायचं.”

“जातो.”

“आधी वर जा.”

तो जिना चढून वर गेला. जुनी फाईल काढली, ती ओळ नव्या फाईलमध्ये घातली आणि ह्या वेळी शेजारी लिहिलं: ‘ही काढू नये. खिडकीवरच्या ताई माणसाचं पूर्ण ऐकून घेतात.’ ते एकदा वाचून पाहिलं, फाईल जतन केली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला.

खाली आला तेव्हा बाई फोनवर होत्या. पाठ दाराकडे, एक हात मॉनिटरच्या फिक्या फुलांच्या झाकणावर. “अगं, दुसरी बाई ठेवली नाहीस ना अजून?... मग नको ठेवूस... नाही गं, बरी आहे मी. बरीच होते... खोली तशीच ठेव. येतोय आम्ही.” पलीकडून मुलगी काहीतरी विचारत होती, बहुतेक तेच तेच. बाई नुसत्या “हो, हो” म्हणत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.

फोन ठेवून त्यांनी तोंड धुतलं, थर्मास हलवून पाहिला, उरलासुरला चहा झाकणात ओतून तारवाल्यापुढं सरकवला आणि नवी नोंद उघडली.

“आता काय?” तो म्हणाला.

“मफलरची नोंद गेली ना मघाशी.” बाईंनी त्याचं नाव लिहिलं आणि हात मांडीवर ठेवले. “पुन्हा सांग. सावकाश सांग, घाई नाही.”